मायफळ: गोव्याच्या बाजारात घेताना आधी भोक बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, मडगावात किंवा फोंड्यात काष्ठौषधींच्या दुकानांतून मायफळ दोन रूपांत मिळते, अख्खे आणि कुटलेले. अख्खे, जड, भोक नसलेले मायफळ डोळे झाकून घ्यावे असा माल आहे. भोकाचे मायफळ फक्त स्वस्त मिळाले तर घ्यावे. पूड घेऊच नये.

कारण समजायला ही वस्तू तयार कशी होते ते पाहावे लागते. मायफळ म्हणजे क्वेर्कस इन्फेक्टोरिया या ओकवरची गाठ. हे झाड तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यातले, त्यामुळे आपल्याकडे येणारा माल आयातीचा असतो. गांधीलमाशीच्या गोतातली एक इवलीशी माशी झाडाच्या कोवळ्या डोळ्यात अंडे घालते. डोळा कोवळाच लागतो, कारण पेशी वाढत्या असतील तरच त्यांची वाढ वळवता येते. अळीच्या स्रावांमुळे झाड तिच्याभोवती स्वतःच्याच पेशींची खोली बांधू लागते. आत मऊ, पोषक पेशींचा थर, त्याभोवती कठीण कवच आणि बाहेर टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेला जाड थर. अळी आतला थर खात वाढते, कोषात जाते आणि माशी झाली की कुरतडत सरळ बाहेर पडते. ते भोक म्हणजेच दुकानात आपल्याला दिसणारे भोक.

म्हणून चांगली तोडणी माशी बाहेर पडण्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात होते. असे मायफळ निळसर करडे किंवा हिरवट, एक ते अडीच सेंटिमीटरचे, अंगावर बोथट उंचवटे असलेले आणि हाताला जड लागते. त्यात वजनाच्या 50 ते 70 टक्के टॅनिन असते. माशी निघून गेलेले मायफळ फिकट, पिवळट, हलके आणि कमी तुरट असते.

दुकानात मूठभर घेऊन एकेक फिरवून पाहा. एकच स्वच्छ गोल भोक मधल्या पोकळीपर्यंत गेले असेल तर माशी झाडावरच निघून गेलेली आहे. बारीक भोके बरीच असतील आणि डब्याच्या तळाशी पीठ साचले असेल, तर साठवणीतली कीड लागली आहे. त्या डब्यातले काहीच घेऊ नका. घरी आणल्यावर चार-पाच पाण्यात टाका. चांगली बहुधा बुडतात, पोकळ तरंगतात. चिमूटभर पूड पाण्यात घालून हिराकसाचा (लोहाच्या क्षाराचा, फेरस सल्फेटचा) खडा टाकला की पाणी लगेच निळे-काळे होते. पण हिरड्याची पूडही हिराकसाने काळी पडते, त्यामुळे ही परीक्षा भेसळ पकडत नाही. कुटलेल्या मायफळावर विश्वास ठेवता येत नाही तो यासाठी.

गाठी गोव्यातही भरपूर आहेत. करंजाच्या पानांवरच्या बोटांसारख्या गाठी एका सूक्ष्म कोळ्याच्या, ज्याला पाय चारच असतात आणि जो भिंगाशिवाय दिसत नाही. आंब्याच्या पानावरचे टणक फोड मिजमाशीचे, सातवणीच्या पानांवरचे सायलिड कीटकांचे. पांगाऱ्याचे शेंडे आणि देठ सुजवणारी माशी शास्त्राला 2004 मध्ये माहीत झाली. कीटक वेगळा तशी गाठ वेगळी, आणि या गाठी मायफळाच्या जागी वापरता येत नाहीत.

मायफळाचे खरे मोल सुती कापड रंगवताना कळते. सुताला तुरटी नीट धरत नाही. टॅनिन आधी बसले की धरते. एक किलो कापडाला 150 ते 200 ग्रॅम मायफळ पितळी किंवा दगडी खलात जाडसर कुटून रात्रभर भिजवा, सकाळी अर्धा-पाऊण तास मंद तापवा आणि दाट फडक्यातून गाळा. गाळण्यात कुचराई झाली की दाणे कापडावर बसून डाग उठतात. धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलेले कापड या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, न धुता पिळा आणि मग मायफळाएवढ्याच वजनाच्या तुरटीच्या पाण्यात घाला. त्यावर मंजिष्ठेचा लाल छान चढतो. लोखंडी भांडे अजिबात नको, कापड राखाडी होते.

गोव्यात हाच धोका पाण्यातूनही येतो. जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर, आणि काही विहिरी-बोअरच्या पाण्यात ते उतरते. रंगवण्याआधी पेलाभर पाण्यात चिमूटभर मायफळ घालून ठेवा. पाणी जांभळट-काळपट झाले तर ते वापरू नका, पागोळीचे साठवलेले पावसाचे पाणी घ्या.

शाईसाठी उलट हेच काळेपण हवे असते. 30 ग्रॅम मायफळ 300 मिलिलिटर पाण्यात आठवडाभर भिजवून गाळा, 15 ग्रॅम हिराकस आणि 10 ग्रॅम बाभळीचा डिंक घाला. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की गडद होते. हिराकस वाढवू नका, त्याने कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो.

बाळगुटीच्या पाकिटातले मायफळही उघडून तपासा. भोकात सहाणेवरची ओल आणि मळ साचतो, तान्ह्या बाळासाठी ते अजिबात चालणार नाही. आणि बाळाला गुटी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. मायफळ फार तुरट असते.

पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या मायफळावर बुरशी धरते. मे महिन्यात दोन दिवस कडक उन्हे दाखवून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि लागेल तेवढेच कुटा.