अख्ख्या घराला एक आरसीसीबी की कूलर-गीझरला वेगळे आरसीबीओ?

जुने किटकॅट फ्यूज (तार बांधायचे चिनीमातीचे) ठेवायचे की काढायचे यावर वेळ घालवू नका, काढा. तार जळली की कोणीतरी जाड तार गुंडाळून देतो, मग वायरिंग तापलं तरी फ्यूज ढिम्म. खरा प्रश्न नवीन डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचच्या मेन बॉक्समध्ये, काय बसवायचं हा आहे. आरसीसीबी म्हणजे करंट बॉडीत किंवा माणसातून गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच; आरसीबीओ तेच करतो, शिवाय ओव्हरलोडलाही पडतो.

एकच ३० एमएची (३० मिलीअँपिअर गळतीची) आरसीसीबी स्वस्त पडते आणि घरातला प्रत्येक पॉइंट तिच्याखाली येतो, हे काही कमी नाही. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरात आधी तीच होती, हिवाळाभर कुरकुर नाही. पण नागपूरचा मे म्हणजे कूलर रात्रभर चालू, पंप टाकीत बुडालेला, त्याच्या वायरीत पाणी शिरलं की मध्यरात्री खट्, आणि कूलरसोबत पंखे, फ्रिज, लाइट सगळंच गेलं. बरं, एमसीबी (एकेका लाइनीचे ओव्हरलोडला पडणारे स्विच) पाडून एकेक उचलत शोधावं म्हटलं तर सिंगल पोल एमसीबी नुसता फेज तोडते, न्यूट्रल ओल्या बॉडीला टेकला असेल तर टेकलेलाच राहतो, मग कधीकधी आरसीसीबी उभीच राहत नाही, कूलरची पिन उपसावी लागते. असं सारखं झालं की घरात कोणीतरी म्हणतंच, "काढ ना बाबा ते, डायरेक्ट कर." आमच्याकडे काका म्हणाले आणि वायरमन लगेच तयारही झाला! माझा निकाल तिथंच लागला, कारण डायरेक्ट केलेल्या कूलरमध्ये रोज पाइप घेऊन पाणी भरणार कोण, तर आई.

आता कूलर आणि गीझरला वेगवेगळे डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारे) आरसीबीओ आहेत. कूलर लीक झाला तर कूलरच बंद, पंखा फिरतोय, सकाळी बघू. बाकी लाइनींवर जुनी आरसीसीबी आहेच, फक्त आरसीबीओ तिच्याखाली घेऊ नका, दोन्ही ३० एमए म्हटल्यावर आधी कोण पडेल सांगता येत नाही.

अडचण पैशाची कमी, न्यूट्रलची जास्त. जुन्या वायरिंगमध्ये दोन-तीन लाइनींना मिळून एकच न्यूट्रल ओढलेला असतो, तो तसाच ठेवला तर लोड टाकला की आरसीबीओ पडणार. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलला बांधला असेल तर पंचाईत दोन्हीकडे. त्यामुळे भाड्याचं घर असेल, भिंती फोडता येत नसतील, तर एक आरसीसीबी बरी, लाइनींचा आपसातला कॉमन न्यूट्रल तिला चालतो. स्वतःचं घर असेल आणि कूलरची लाइन वेगळी ओढता येत असेल तर मी तरी आरसीबीओकडेच झुकेन. अर्थिंग मात्र दोन्हीत तपासून घ्या, ते नसेल तर स्विच पडतो, पण माणसानं हात लावल्यावर.

आणि डीबी जरा मोठीच घ्या, डबल पोल आरसीबीओ जागा खातो. काम नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी उरकलं तर बरं, तेव्हा वायरमन फोन उचलत नाहीत.