सायकलचं भंगार द्यायचंय? मंगळवार पेठेतल्या दुकानाचा माझा अनुभव

आमच्या बाल्कनीत दोन वर्षं एक पोतं पडून होतं. तीन चेनी, दोन फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चक्रं), एक वाकडी रिम, क्रँक (पेडलचा दांडा), पेडल, ब्रेकच्या वायरी, चार टायर आणि ट्यूबचा गुंता. घरात दोन सायकली रोज चालतात म्हटल्यावर हे साठतंच, आणि टाकून द्यायला मन होईना, कारण मागे एका मोठ्या शोरूममधे सर्व्हिसिंगला गेले होते तेव्हा माझी जुनी चेन आणि टायर माझ्यादेखत ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले. चांगलं पोलाद ते, वितळवलं की परत वापरता येतं. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा.

शेवटी गेल्या रविवारी पोतं घेऊन पुण्यातल्या मंगळवार पेठेत गेले. जुन्या बाजाराजवळच दुकान आहे, पाटी वगैरे काही नाही, दारात रचलेल्या सायकलच्या फ्रेमा हीच खूण. काकांनी पोतं जमिनीवर ओतलं आणि लोहचुंबक घेऊन बसले. चेनी, फ्रीव्हील चिकटले, ते एका ढिगात. रिम आणि क्रँक चिकटले नाहीत म्हणजे अॅल्युमिनियम, त्याला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव. पण रिममधे आरे तसेच होते. काका म्हणाले, "ताई, आरे काढून आणा पुढच्या वेळी, रिमला आरे धरणारी निपलं बहुतेक पितळेची असतात, ती पण वेगळी ठेवा, मिसळलेल्या मालाला भाव येत नाय." ब्रेकच्या वायरीचं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून त्यांनी आतली तार लोखंडात टाकली. पेडल अजून फिरत होतं, ते तोडलं नाही, बाजारात विकायला बाजूला ठेवलं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. काटा माझ्यासमोर, सगळे मिळून १४० रुपये आले.

फ्रीव्हीलचे दात झिजून टोकदार झालेले बघून म्हणाले चेन उशिरा बदलली. बरोबर होतं त्यांचं, झिजलेली चेन लांबते आणि दात खाते. आता मी महिन्यातनं एकदा चेनीला फूटपट्टी लावते, पहिल्या पिनेचा मध्य शून्यावर ठेवायचा, नवीन चेनीत बरोबर १२ इंचावर पिनेचा मध्य येतो, तो १/१६ इंच पुढे सरकला की चेन बदलायची, मग फ्रीव्हील भंगारात जायची वेळ लवकर येत नाही.

उणी बाजू म्हणजे टायर घेत नाहीत. रबर, आत नायलॉनचं कापड आणि दोन्ही कडांना पोलादी तार, हे सुटं करणं त्यांच्या हातचं नाही. ट्यूबही नको म्हणाले. टायर मग आमच्या पंक्चरवाल्या दादांना दिले, त्यांना गॅटर (फाटलेल्या टायरला आतून लावायचा तुकडा) कापायला लागतातच, ट्यूबचे पट्टे कापून मी कॅरिअरला सामान बांधायला ठेवलेत. जुने टायर कृपया गच्चीत टाकून ठेवू नका, पावसाचं पाणी साठून त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि शेकोटीत तर अजिबात नको, तो काळा धूर फार विषारी असतो.

बंद पडलेला मागचा लाइटही तिथे घेतला नाही, तो 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे वेगळा दिला. कुणाकडे ई-सायकलची बॅटरी असेल तर ती भंगारात चुकूनही देऊ नका, बहुतेक लिथियमची असते, दाबली किंवा फोडली की पेट घेऊ शकते. जिथून घेतली तिथे परत द्या, २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे.

चेनी रॉकेलमधे बुडवून पुसून नेल्यात तर काकांचे हात खराब होत नाहीत, फक्त ते रॉकेल मोरीत ओतू नका, बरणीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं परत वापरता येतं. आणि बुधवार-रविवार सोडून जा, जुना बाजार भरलेला असतो, पोतं घेऊन त्या गर्दीतनं जाताना माझे खूप हाल झाले.