पोरांच्या हातात पहिलं काय द्यायचं, एअर पिस्तूल की एअर रायफल?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर आमच्या घरात दोन पक्ष पडले. लेकीला मनू भाकरसारखं पिस्तूल हवं आणि तिचे आजोबा कोल्हापूरचे, त्यामुळे ते स्वप्नील कुसाळेचे, म्हणजे रायफलच. लेक तेव्हा ११ वर्षांची. मी काहीच विकत न घेता आधी रेंजच्याच गनवर तीन महिने पिस्तूल आणि मग तीन महिने रायफल असं करून बघितलं. दोन्हीत लक्ष्य १० मीटरवर आणि छर्रा (शिशाची बारकी गोळी) ४.५ एमएमचा, म्हणून ते सोडतो.

खर्चाचं म्हणाल तर पिस्तूल सरळसरळ परवडतं. रायफलला नेमबाजीचं खास जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह, आणि पोरं काय एका मापात थांबतात होय? पिस्तुलाची बॅग स्कूटरवर पायाशी मावते, रायफलची पेटी घेऊन रिक्षात बसलो की ती तिरकी करून माझ्या मानेशी. पण पहिल्या आठवड्यात पोरांचा मूड रायफलच टिकवते, कारण ती स्टँडवर टेकवून मारता येते आणि लक्ष्याच्या कार्डावर लगेच दहापैकी आठ-नऊ दिसायला लागतात, तेच पिस्तूल एका हातात धरायचं, हात थरथरतो, छर्रा कुठे गेला ते सरांनाही सापडत नाही.

आता ज्यावरून माझं ठरलं ते सांगतो. पोरं वळून बोलतात. आमच्या लेकीचा पहिला दहा लागला तेव्हा ती "बाबा, दहा!" म्हणत गर्रकन मागे फिरली, पिस्तूल हातातच, आणि नळी शेजारच्या लेनमधल्या मुलाच्या पोटावरून, सरांवरून, माझ्यावरून फिरून गेली. आत छर्रा नव्हता, नुकताच मारला होता. पण सरांनी काही न बोलता पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं आणि तिला अर्धा तास मागच्या बाकावर बसवलं. रडली, कळलं, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. तीन महिन्यांत चार वेळा. पोरगी वांड नाही हो, पण किलोभराची वस्तू हातात आहे हेच ती विसरायची, कंपासपेटी असल्यासारखी.

रायफल चारेक किलोची आणि लांबलचक. ती घेऊन वळायला गेली की नळी पार्टिशनवर ठक्कन आपटायची आणि तिलाच दचकायला व्हायचं. दोनदा आपटली, मग आधी बोल्ट (छर्रा भरायची खिट्टी) उघडायचा, नळीतून सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे गन रिकामी असल्याच्या खुणेची, पिवळी दोरी आरपार घालायची, गन खाली ठेवायची आणि मग बाबांना दहा दाखवायचा हा क्रम आपोआप बसला. पिस्तुलालाही फ्लॅग असतोच, पण तिथे तो घालायला मी आठवण करायचो, इथे ती स्वतः करते. का ते मला नीट सांगता येणार नाही.

पिस्तुलाची एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. नियमाप्रमाणे त्याचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढा भार दिल्याशिवाय तो सुटता कामा नये. रायफलला ती अटच नाही, त्यामुळे मॅचच्या रायफलचा ट्रिगर बोट टेकलं न टेकलं तोच सुटतो. म्हणून नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) बाहेर, हे आता रायफल घेतल्यावर आमच्याकडे घरी ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे छर्रा न घालता करायच्या सरावालासुद्धा. ड्रायच्या वेळी छर्‍यांचा डबा दुसऱ्या खोलीत, किल्ली आईकडे. अशा ४.५ एमएमच्या कमी ताकदीच्या एअरगनला लायसन्स लागत नाही म्हणून पाहुणे तिला खेळणं समजतात आणि "दाखव की जरा" म्हणतात. पिस्तूल असतं तर भाचेमंडळींनी कधीच खिशात घातलं असतं, रायफलची पेटी निदान लपत तरी नाही.

तुमचं पोर शांत असेल, एका जागी उभं राहणारं असेल, तर पिस्तुलानं सुरुवात करायला हरकत नाही, आमच्या बॅचमध्ये अशी दोन होती आणि छान चाललीत. आमच्या लेकीसारखं बडबडं असेल तर आधी वर्षभर रायफल. सेकंडहँड घेणार असाल तर गनला जोडलेल्या हवेच्या सिलिंडरवरची मुदत आधी बघा, आत २०० बार दाबाची हवा असते, तारीख उलटलेला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

आमच्या लेकीचं जॅकेट आता आखूड झालंय. धाकट्याला होईल म्हणून जपून ठेवलंय, तर त्याला म्हणे पिस्तूलच हवं.