पेठ-सुरगाण्याची केसर पेटी: काय घ्यावं, काय ठेवून द्यावं

नाशकात हापूसचा भर ओसरू लागतो तेव्हा पेठ, सुरगाणा आणि हरसूलकडचा केसर आंबा सुरू होतो. मेचा दुसरा पंधरवडा ते मृगाचा पहिला पाऊस, एवढाच त्याचा हंगाम. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या बायांचे गट आपापल्या वाडीतला, म्हणजे छोट्या फळबागेतला, माल एकत्र करतात, निवडतात, पेट्या भरतात आणि शहरातल्या सोसायट्या, बचत गटांची प्रदर्शनं, ओळखीच्या ऑर्डरी अशा वाटांनी विकतात. सोबत आमचूर, आंबापोळी, लोणचं, काजू आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरी. छाप एकच नसल्यामुळे माल गटागणिक बदलतो. म्हणून हे परीक्षण एका गटाचं नाही, त्या पेटीचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. केसर घ्यावा, पण तोडणीची तारीख विचारून. आमचूर डोळे झाकून घ्यावं. लोणचं बरणी पाहून. स्ट्रॉबेरी शेताजवळ मिळाली तरच.

ज्याला इथे वाडी म्हणतात ती साधारण एक एकराची, बहुतेक वरकस म्हणजे हलक्या, उताराची जमीन. आंबा आणि काजूची कलमं, मधल्या पट्ट्यात भात, नागली किंवा भाजी, कडेला बांबू, गिरिपुष्पासारखी कुंपणाची झाडं. बाएफ या ग्रामविकास संस्थेने ही पद्धत १९८२ मध्ये शेजारच्या गुजरातेत, वांसदा भागात सुरू केली. राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड १९९० पासून आहे आणि नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेचा आदिवासी विकास निधी २००३-०४ पासून. योजना कोणतीही असो, कलम जगतं ते पहिल्या तीन उन्हाळ्यांतल्या पाण्यावर. पेठ-सुरगाण्यात पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि मार्चनंतर हंड्याचे वांधे होतात. त्या दिवसांत झाडाच्या बुडाशी मडकं पुरून त्यात पाणी भरतं कोण, तर घरातली बाई. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाकावा लागतो, नाहीतर कोवळं झाड फळ धरून खुरटतं. भाताची कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात, फेब्रुवारीनंतर वणव्याची भीती. चौथ्या-पाचव्या वर्षी हाती येणारं पहिलं फळ एवढ्यातून वाचलेलं असतं. किमतीवरून घासाघीस करताना एवढं ठाऊक असलेलं बरं.

आता फळ. चांगला केसर साधारण २०० ते २५० ग्रॅमचा, कोय बारीक, रेषा जवळपास नाही. साल शेवटपर्यंत हिरवट-पिवळी राहू शकते. नावातला केशरी रंग आत, गरात असतो. पिवळीधमक पेटी पाहून भुलणाऱ्याला हा आंबा कच्चाच वाटतो आणि तो आणखी दोन दिवस ठेवून फळ जास्त पिकवून वाया घालवतो. पिकला की नाही ते नाकाने ठरवा: देठाजवळ गोड वास आणि अंगठ्याखाली हलका दाब. हापूसमध्ये पोखरलेल्या, पांढऱ्या गराचा जो साका निघतो तो केसरला सहसा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. घमघमाटात मात्र हापूस पुढे, हे मान्य करायला हरकत नाही.

पेटी फसते ती बहुतेक वेळा तोडणीत. फळाचे खांदे भरून देठाच्या वर आले, देठाजवळ खळगा पडला, झाडाखाली पाडाचे (झाडावरच पिकून पडलेले) एक-दोन आंबे दिसू लागले, म्हणजे झाड तयार. त्याआधी उतरवलेलं फळ पिकत नाही, सुरकुततं. घरी तपासायचं तर बादलीभर पाण्यात टाकून बघा. तयार फळ तळाला बसतं, कोवळं तरंगतं. एका पेटीत तीन-चार तरंगली तर गटाला जरूर कळवा, कारण तो दोष झाडाचा नसून घाईचा आहे. घाई का होते तेही उघड आहे. पाऊस तोंडावर आलेला, फळमाशी वाढलेली आणि गाडी आजच जाणार असते.

दुसरी तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते: पेटीतली निम्मी फळं चौथ्या दिवशी पिकली, उरलेली दहाव्या दिवशीही दगड. कारण साधं आहे. एका वाडीत आंब्याची झाडं मोजकीच. गाडी भरायची तर पंधरा-वीस वाड्यांचा माल एकत्र येतो. कुणी सोमवारी तोडलं, कुणी गुरुवारी, आणि सगळं एकाच ढिगातून भरलं गेलं. जे गट संकलनाचा वार ठरवून आदल्या दिवशीच तोडणी करायला लावतात आणि पेटीवर तारीख व वाडीचा क्रमांक लिहितात, त्यांचा माल एकसारखा पिकतो. पेटीवर हे दोन आकडे आहेत का, एवढं पाहिलं तरी निम्मं परीक्षण झालं. दुर्दैवाने पुष्कळ पेट्यांवर आजही फक्त फोन नंबर आणि आंब्याचं चित्र असतं.

चीक हा तिसरा मुद्दा. फळ झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट उतरवायचं, सावलीत आणून देठ मोडायचा आणि चीक निथळेपर्यंत फळ उलटं ठेवायचं. काठीने पाडलेल्या किंवा ओढून तोडलेल्या फळावर चीक ओघळून काळे पट्टे पडतात. पट्टा नुसता दिसायला वाईट, पण देठाची जागा फाटली असेल तर कूज तिथूनच सुरू होते. करपा या बुरशीच्या रोगाचे ठिपके वेगळे. कच्च्या फळावर ते जेमतेम दिसतात आणि पिकताना पसरतात. ५२ अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून काढलं तर करपा बराच आवरतो. अशी टाकी काही मोजक्या गटांकडे असते. असेल तर किलोमागे थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

फळमाशीचं भोक सुईच्या टोकाएवढं, आत अळी. वाडीत कामगंधाचे (वासाने नर माश्यांना ओढणारे) सापळे लावले असतील तर प्रमाण कमी राहतं, पण वळवाचे दोन दणके बसले की सापळेही पुरत नाहीत. म्हणून जूनमधली पेटी कापून खाण्यासाठी घेऊ नये. रस काढायचा असेल तर हरकत नाही. रसासाठी खराब भाग कापून टाकता येतो, दरही उतरलेला असतो.

पेटी घरी आली की लगेच उघडा. सावळ घाट आणि कोटंबी घाट उतरून-चढून आलेली पेठची पिकअप असते. तळाच्या थरातली दोन-तीन फळं दबलेली निघतात, ती आधी वेगळी करायची. मग आढी लावा. तळाला दोन बोटं भाताचा पेंढा, त्यावर देठ खाली करून फळं, दोन थरांपेक्षा जास्त नाही, वर पुन्हा पेंढा किंवा वर्तमानपत्र. हवा खेळती हवी. पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली की आत घाम धरतो आणि बुरशी येते. दर दोन दिवसांनी चाळून पिकलेली फळं काढत जा. तयार फळाला साधारण सहा ते दहा दिवस लागतात. पिकण्याआधी फ्रिज नको, १२-१३ अंशांखाली कच्च्या आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि तो पुढे नीट पिकत नाही. पिकल्यावर तीन-चार दिवस फ्रिजमध्ये खुशाल राहतो.

आंबा पिकवायला कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. गटांच्या पेट्या बहुधा कच्च्याच येतात, त्यामुळे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तरीही सगळी फळं एकाच छटेची पिवळी, वास शून्य आणि आत गर पांढुरका असेल तर पेटी परत करा, विकणारा कोणीही असो. ‘सेंद्रिय’ या शब्दावरही विसंबू नका. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येतेच, आणि एखादी फवारणी बहुतेक जण करतात. ‘औषध मारलं का’ विचारलं तर ‘नाही’ येतं. ‘शेवटची फवारणी कधी’ विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

दर डझनावर ठरवू नका. समजा, डझन ६०० रुपयांना सांगितला. फळं २५० ग्रॅमची असतील तर तीन किलो, म्हणजे २०० रुपये किलो. १७० ग्रॅमची असतील तर दोन किलोच्या आसपास, म्हणजे २९४ रुपये किलो. चांगले गट काट्यावरच विकतात आणि बाईकडूनही काट्यावरच घेतात. साधारण २०० ग्रॅमच्या वरचं डागविरहित फळ पहिल्या प्रतीत, मधलं दुसऱ्यात, बारीक आणि डागी रसाला. ही प्रतवारी शहरी गिऱ्हाइकाच्या सोयीची म्हणून ओळखली जाते, पण तिचा खरा फायदा वाडीवालीला. एरवी व्यापारी मोहोर बघून बाग उक्ती, म्हणजे ठोक रकमेत, मागतो, वजनाचा प्रश्नच येत नाही. मार्चमध्ये घरात पैसा संपलेला असतो आणि दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणं किंवा बाग उक्ती देणं, एवढ्या दोनच वाटा उरतात. गटात माल तोलला, प्रतवार पावती झाली आणि पैसे तिच्या खात्यावर पडले, तर हिशेब तिला तोंडपाठ असतो.

खातं तिच्या नावावर आहे का, हे विचारणं आगाऊपणा वाटेल, पण विचारावं. पुष्कळ घरांत सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, मग शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीत सभासदही तोच आणि बिलही त्याचंच. वनपट्ट्याच्या, म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीच्या हक्काचं तसं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, त्यामुळे ती स्वतःच्या कागदावर सभासद होऊ शकते. ‘महिला गट’ असा फलक लावलेल्या प्रत्येक ठिकाणी असं असतंच असं नाही.

जोडमालात आमचूर अव्वल. वाऱ्याने पडलेली रायवळ कैरी, जी एरवी झाडाखाली सडते, तिचंच हे बनतं. साल काढून फोडी करायच्या आणि सौर वाळवणीत सुकवायच्या. साल-कोय वजा जाता दहा किलो कैरीतून जेमतेम किलोभर आमचूर निघतं, म्हणून फार स्वस्त मिळालं तर शंका घ्या. लोखंडी विळीवर चिरलेली फोड काळी पडते, स्टीलच्या सुरीची फिकट तपकिरी राहते. पावडरीऐवजी फोडीच घ्या. वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजे, वाकली तर ओल राहिली आहे आणि आषाढात तिला बुरशी येणार. आंबापोळी चवीला छान, पण उघड्यावर वाळवलेली असेल तर कधीकधी दाताखाली धूळ लागते. वाळवणीच्या जाळीबद्दल विचारून घ्या.

लोणच्यात गटागटांत जमीन-अस्मानाचा फरक. मीठ लावलेली फोड पुरती कोरडी न करता मसाल्यात घातली की महिन्याभरात बरणी फसफसते. तेल फोडींच्या वर बोटभर हवं, लेबलावर बनवल्याची तारीख आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक हवा. यातलं काही नसेल तर प्रदर्शनातल्या चमचाभर चवीवर भाळू नये.

काजू वेंगुर्ला जातींच्या कलमांचा, चवीला दुधाळ. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३२० अख्खे गर. आकडा लहान तितका दाणा मोठा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, हातमोजे न देणाऱ्या केंद्रात सोलणाऱ्या बायांची बोटं काळवंडलेली दिसतात. खिरीला, भाजीला तुकडा काजू घ्या, चव तीच आणि दर बराच कमी.

स्ट्रॉबेरी सुरगाणा तालुक्यात बोरगावच्या बाजूला, सापुतारा रस्त्यावर. डिसेंबर ते मार्च. हे फळ तोडल्यावर पिकत नाही, जेवढं लाल आलं तेवढंच. पहाटे तोडलेली, देठाची पानं ताजी हिरवी असलेली घ्या, आणि खोक्याचा खालचा थर उचलून बघा. वर टपोरी आणि खाली बोराएवढी, हा प्रकार सर्रास चालतो. नाशकापर्यंतच्या प्रवासात तळाला पाणी सुटतं, म्हणून घरपोच मागवण्याच्या फंदात पडू नये.

केसरची मागणी एप्रिलमध्येच नोंदवा. किती पेट्या जाणार हे तेव्हा कळलं तर गट सभासदांना थोडी उचल देऊ शकतो आणि बाग व्यापाऱ्याकडे जात नाही. आगाऊ रक्कम निम्मीच द्या, गटाच्या खात्यावर, पावती घेऊन. उरलेली पेटी उघडून, फळं पाण्यात टाकून पाहिल्यावर. खराब फळांचे फोटो त्याच दिवशी पाठवायचे असतात. चार दिवसांनी पाठवले तर फळ वाडीत बिघडलं की तुमच्या स्वयंपाकघरात, हे कुणालाच सांगता येत नाही.