मिनिटाला २०० मात्रा: ड्रॅगनफोर्सचे एक गाणे, आठवडाभर ऐकून

लंडनच्या ड्रॅगनफोर्स या बँडचे ‘थ्रू द फायर अँड फ्लेम्स’ हे गाणे २००६ साली ‘इनह्युमन रॅम्पेज’ या अल्बममध्ये पहिल्याच क्रमांकावर आले आणि पुढच्या वर्षी ‘गिटार हीरो ३’ या व्हिडिओ गेममुळे मुलांच्या तोंडी झाले. बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या घरी भाच्याने ते प्रथम मोबाईलच्या स्पीकरवर लावले, तेव्हा बाहेर पत्र्यावर कोसळणारा आषाढातला पाऊस आणि आतले गाणे यांत मला फारसा फरक कळला नाही. नंतर मात्र तारेचे हेडफोन लावून आठवडाभर ते रोज ऐकले.

सुरुवात साध्या अकूस्टिक गिटारने होते, आणि कान जरा सैलावतात तोच सगळा फौजफाटा तुटून पडतो. मिनिटाला २०० मात्रांचा हा वेग आहे. म्हणजे आपल्या तीनतालाचे सोळा मात्रांचे आवर्तन येथे पाच सेकंदही टिकत नाही, आणि गिटारवादक एका मात्रेत चार स्वर काढू लागला की सेकंदाला तेरा स्वर कानावर येतात. बेळगावात मैफिली ऐकत वाढलेल्या माणसाला अतिद्रुत लय नवी नाही; पण आपल्याकडे गवई विलंबितापासून चढत तेथे पोहोचतो, तर येथे चढण नाहीच, थेट माथ्यावर नेऊन सोडतात.

तरीही या गाण्याची धग केवळ वेगातून येत नाही, असे माझे मत झाले आहे. खाली ड्रमचा अखंड मारा चालू असताना झेडपी थिअर्ट हा गायक त्यावर लांब, ताणलेले स्वर ठेवत जातो आणि ध्रुवपदात तर त्याला कसलीच घाई नसते. गणपतीच्या मिरवणुकीत ताशाच्या काड्या थरथरत असतात, पण पावले पडतात ती ढोलाच्या मोजक्या ठोक्यांवर. येथे ढोलाचे ते काम गळा करतो, म्हणूनच एवढ्या गर्दीतही चाल हरवत नाही.

हर्मन ली आणि सॅम टॉटमन यांची गिटारची जुगलबंदी हा गाण्याचा गाभा मानला जातो. दोघे जोडीने, स्वरांचे ठरावीक अंतर राखून धावतात ते भाग खरोखर देखणे आहेत, परंतु मधले यंत्रासारखे चित्कार मला पोरकट वाटले. सात मिनिटे एकवीस सेकंदांच्या या गाण्यात हा भाग निम्म्यावर आला असता तरी चालले असते.

खरी तक्रार ध्वनिमिश्रणाची आहे. सगळ्या वाद्यांचा आवाज एकाच पातळीवर आणून बसवल्यामुळे बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही आणि मोठ्या ड्रमचा घुमारा जाऊन नुसती टकटक उरते. विसर्जनासाठी कपिलेश्वर तलावाकडे निघालेल्या पथकाचा ढोल छातीत बसतो. हा ड्रम कानशिलापाशीच राहतो. हेडफोनवर आवाज निम्म्याहून वर नेला, तर तिसऱ्या मिनिटाला कान शिणतात. मोठ्या स्पीकरवर, चार हात दूर बसून ऐकल्यावर गळा आणि गिटार जरा वेगळे झाले, एवढाच उपाय मला सापडला.

ध्रुवपदासाठी मी हे गाणे पुन्हा लावीन. जुगलबंदी सुरू झाली की हेडफोन भाच्याच्या हाती देतो.