‘वॉरंटीला काही होत नाही’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून ते बिलावर लिहून घ्या

गाडी जेमतेम आठ महिन्यांची. तीन दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की चौथ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. वर्कशॉपात बॅटरी चार्ज करून तपासतात, ती चांगली निघते. मग स्टिरिओभोवतीचं पॅनल उघडलं जातं आणि आत काळ्या टेपची एक जाड गाठ दिसते. टेप सोडवली की खाली मूळ वायर ब्लेडने सोललेली आणि तिच्यावर दुसरी वायर नुसती पीळ देऊन चढवलेली. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही, उन्हाने टेपचा गोंद पाघळून तांब्याच्या तारांना चिकटलेला. सर्व्हिस अॅडव्हायझर मोबाइलवर दोन फोटो काढतो, जॉब कार्डवर ‘बाहेरील फिटमेंट आढळले’ असं लिहितो, आणि दिवे, वायपर, सेंट्रल लॉक चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्यूलचा (बीसीएमचा), क्लेम तिथेच अडकतो. हा भाग हजारांत जातो आणि तो पूर्ण खर्च मालकाच्या खिशातून होतो.

टचस्क्रीन बसवताना याच मालकाला दुकानात सांगितलेलं असतं, “साहेब, एकही वायर कट नाही, कपलर टू कपलर आहे. वॉरंटीला काही होत नाही.” कपलर म्हणजे वायरींच्या टोकाचा तयार प्लग.

खालचं मॉडेल घ्यायचं आणि वरच्या मॉडेलच्या सोयी बाहेरून बसवायच्या, यात चूक काहीच नाही. पैसे खरोखर वाचतात. पण या व्यवहारात मालक दोन्ही बाजूंनी फसवला जातो. दुकानदार म्हणतो काहीच होत नाही. शोरूममधला माणूस म्हणतो, बाहेर एक बल्ब जरी बदललात तरी अख्खी वॉरंटी गेली. दोन्ही खोटं आहे. दुकानदाराला माल विकायचा असतो आणि शोरूमलाही स्वतःचाच माल विकायचा असतो.

वॉरंटी हा करार आहे आणि तो गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेला असतो. ‘काय समाविष्ट नाही’ हे पान वाचा. तिथे साधारण असं असतं की गाडीत फेरफार केल्यामुळे किंवा कंपनीने मान्य न केलेला भाग बसवल्यामुळे झालेला बिघाड भरून मिळणार नाही. त्यातला ‘त्यामुळे झालेला’ हा शब्द महत्त्वाचा. स्टिरिओ बाहेरचा बसवला म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारायला आधार राहत नाही. पण त्याच स्टिरिओची वायर बीसीएमच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, घुसवली असेल, तर बीसीएम, सेंट्रल लॉक, वायपर, दिवे या सगळ्यांवर बोट ठेवायला कंपनीला जागा मिळते. काही पुस्तिकांत ‘फेरफार आढळल्यास वॉरंटी रद्द’ असं सरसकट वाक्यही असतं, म्हणून आपल्याच गाडीची पुस्तिका वाचावी, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नये. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटी वेगळ्या छापलेल्या असतात, त्या मूळ पुस्तिकेसारख्याच असतील असं धरू नका. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या-त्या उत्पादकाची असते, गाडीच्या कंपनीची नव्हे.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण सांगतात की कंपनीला वॉरंटी नाकारताच येत नाही. ते तिथल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याबद्दल बोलत असतात. तो कायदा भारतात लागू नाही. इथे तुमच्या हातात पुस्तिका, बिल आणि ग्राहक संरक्षण कायदा एवढंच असतं.

आता त्या टेपच्या गाठीकडे परत येऊ, कारण बरेच क्लेम तिथेच अडकतात.

बाजारातल्या टचस्क्रीनला दोन मुख्य पॉझिटिव्ह वायर असतात. पिवळी वायर कायम चालू, थेट बॅटरीची, ती मेमरीसाठी. लाल वायर किल्ली फिरवल्यावर चालू होणारी, तिला अॅक्सेसरी म्हणतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या सॉकेटमध्ये अशी वेगळी अॅक्सेसरी वायर येतच नाही. स्टिरिओ कधी चालू व्हायचा हे कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात त्यांवरून, ठरतं. अशा गाडीला मॉडेलप्रमाणे कॅन डीकोडरचा छोटा डबा आणि योग्य हार्नेस लागतो. तो दुकानात नसला, किंवा त्याचे पैसे वाचवायचे असले, की फिटर लाल आणि पिवळी वायर एकत्र बांधून टाकतो. स्क्रीन लागते, गाणं वाजतं, मालक खूश होतो. पण स्क्रीन आता कधीच पूर्ण झोपत नाही. समजा ती ०.३ अँपिअर खेचते. चोवीस तासांत ७.२ अँपिअर-अवर झाले आणि तीन दिवसांत २१.६. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. मग चौथ्या दिवशी टकटक होणारच.

दुसरा फिटर लाल वायरसाठी स्टिअरिंगखालच्या गुच्छात टेस्ट लॅम्प टोचून करंट शोधतो. हे त्याहून वाईट. टेस्ट लॅम्पमधला बल्ब स्वतः करंट खेचतो. जुन्या गाडीत चालायचं, पण मोड्यूलच्या सिग्नल वायरला तो लागला तर मोड्यूलमधलं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं. इन्सुलेशनला पडलेल्या भोकातून पावसाळ्यातला दमटपणा आत जातो आणि काही महिन्यांत वायर आतून हिरवी-काळी पडते, तो बिघाड शोधायला दिवस लागतो. पिवळ्या स्लीव्हमधल्या आणि पिवळ्या कपलरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांच्याजवळ टेस्ट लॅम्प न्यायचाच नाही. फिटरच्या हातात बल्बवाला टेस्टर दिसला आणि मल्टिमीटर नसला, तर काम तिथेच थांबवा.

‘कपलर टू कपलर’ खरं आहे की नाही हे पडताळायला पाच मिनिटं लागतात. काम सुरू होण्याआधी तो कपलर हातात मागा. त्याचं एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये क्लिक होऊन बसलं पाहिजे, दुसरं स्क्रीनच्या मागे. काम झाल्यावर पॅनल बंद करण्याआधी फोटो काढा. गाडीच्या बाजूच्या हार्नेसवर कुठेही नवी टेप, निळा-लाल चिमटा कनेक्टर किंवा सोललेला भाग दिसता कामा नये. “पॅनल उघडलं की क्लिपा तुटतात” म्हणून टाळाटाळ झाली तर काहीतरी लपवलं जातंय हे ओळखा.

नंतर घरी बॅटरीची तपासणी करा. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडवा, मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून एक टोक क्लॅम्पला आणि एक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा. दारं लॉक करा, किल्ली दूर ठेवा, अर्धा तास थांबा, कारण मोड्यूल झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. ३०० दिसला तर त्याच दिवशी दुकानात परत जा. क्लेम नाकारला जाईपर्यंत थांबलात तर दुकानदार “गाडीतच फॉल्ट आहे” म्हणून मोकळा होतो.

हेडलाइटचीही अशीच गत. एच-४ प्रकारचा बल्ब मूळचा ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५ वॅटचा असतो. हाय बीमला १२ व्होल्टवर एका बल्बला पाच अँपिअर. ‘फक्त बल्ब बदललाय, वायरिंगला हात नाही’ म्हणून १००/९० चा बल्ब लावला की हायला ८.३ अँपिअर जातात, म्हणजे मूळच्या पाच अँपिअरच्या जागी दीडपटीहून जास्त. वायर तीच, होल्डर तोच, आणि दिवे थेट बीसीएममधून चालत असतील तर आतला स्विचही तोच. आधी होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडतं, मग रिफ्लेक्टरची चकाकी जाते, मग एका बाजूचा दिवा बंद. होल्डरचा तो तपकिरी डाग वर्कशॉपवाल्याला लगेच ओळखू येतो, नंतर मूळ बल्ब परत लावून उपयोग नसतो. जास्त उजेड हवाच असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र वायर, स्वतःचा फ्यूज आणि रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, असलेला हार्नेस लागतो. मूळ वायरीने फक्त रिलेला इशारा द्यायचा.

एलईडी इंडिकेटर लावले की ते भराभर लुकलुकतात, म्हणून फिटर ६ ओमचा रेझिस्टर जोडतो. इंजिन चालू असताना, १४ व्होल्टला, त्यात ३० वॅटच्या वर उष्णता निघते. तो पत्र्यावर स्क्रूने बसवायचा असतो. अनेकदा तो वायरच्या हार्नेसलाच टेपने बांधलेला सापडतो, आणि शेजारच्या चार वायरींचं इन्सुलेशन वितळलेलं असतं.

सीएनजीमध्ये फसवणूक जास्त महाग पडते. बाहेरचं किट मान्यताप्राप्त असलं, तुमच्या मॉडेलसाठी त्याला मंजुरी असली, तरी पेट्रोल इंजिनाच्या वॉरंटीचा प्रश्न उरतोच. सीएनजी कोरडा जळतो, आणि त्या इंधनासाठी न बनवलेल्या व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात. कॉम्प्रेशन गेलं की कंपनी इंजिन हेडचा क्लेम नाकारते आणि त्यात तिचं म्हणणं टिकू शकतं. त्यात ‘आरटीओचं नंतर करू’ म्हणून पैसे घेऊन कागद कधीच न करणारे असतात. आरसीवर इंधनाची नोंद बदललेली हवी, सिलिंडरचं प्रमाणपत्र आणि त्याची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने होणारी हायड्रो टेस्ट हवी, विमा पॉलिसीत सीएनजी किटसाठीच्या आयएमटी-२५ या कलमाची नोंद हवी. हे तिन्ही हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार ही गोष्ट स्वतःहून कधी सांगत नाही.

टर्बो इंजिनाचं रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा (ईसीयूचा) प्रोग्राम बदलणं, हे काम करणारे सांगतात, “क्लेमच्या आधी या, स्टॉक फाइल परत टाकून देतो, कळणार नाही.” कळतं. पुष्कळ ईसीयूंमध्ये किती वेळा फ्लॅश झालं, म्हणजे नवा प्रोग्राम टाकला गेला, याची नोंद राहते, आणि त्या प्रोग्रामचा पडताळणी क्रमांक ओबीडी पोर्टवरूनच, म्हणजे वर्कशॉपात स्कॅनर जोडतात त्या सॉकेटमधूनच, वाचता येतो. टर्बो, क्लच, गिअरबॉक्स, सगळ्यांचे क्लेम एकदम धोक्यात येतात. मोठ्या टायरचंही तेच. १८५/६५ आर-१५ चा व्यास सुमारे ६२१ मिमी आणि २०५/६० आर-१६ चा ६५२ मिमी, म्हणजे पाच टक्के वाढ. जाणकार तीन टक्क्यांच्या वर जात नाहीत. व्हील बेअरिंग, शॉकअब आणि स्टिअरिंग रॅकचा क्लेम करायला गेलात की आधी टायरवरचा आकडा वाचला जातो. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साधं सीट कव्हर अजिबात घालू नका. त्या बाजूची शिवण एअरबॅगच्या दाबाने उसवेल अशीच हवी, आणि हे वॉरंटीपेक्षा कितीतरी मोठं कारण आहे.

शोरूममध्येही डोळे उघडे ठेवा. ‘कंपनी फिटिंग’ म्हणून लावलेली वस्तू कधीकधी बाजारातूनच आणलेली असते. कंपनीच्या अस्सल अॅक्सेसरीला पार्ट नंबर असतो आणि तो बिलावर छापून येतो. ‘अॅक्सेसरी किट’ असं मोघम लिहून एकच रक्कम टाकलेली असेल तर प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर मागा. बिल शोरूमनेच दिलेलं असलं की पुढे त्याच फिटिंगकडे बोट दाखवून क्लेम नाकारणं त्यांना जड जातं.

बाहेरच्या दुकानात पक्कं जीएसटी बिल घ्या. ‘एस्टिमेट’ लिहिलेली पिवळी चिठ्ठी बिल नव्हे. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर, वस्तूचं मॉडेल आणि एक ओळ लिहून घ्या, ‘मूळ वायरिंग न कापता कपलरद्वारे बसवले’. खरं काम करणारा फिटर ही ओळ लगेच लिहितो. आणि काढलेला मूळ स्टिरिओ, बल्ब, पॅनल दुकानात सोडू नका. “इथेच राहू द्या, पाचशे कमी करतो” हे ऐकून सोडलेला माल नंतर तिप्पट किमतीला शोधावा लागतो.

क्लेम नाकारलाच तर तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. कुठला भाग खराब झाला, कशामुळे, आणि पुस्तिकेतल्या कुठल्या अटीखाली नाकारला, हे ई-मेलवर मागा. जॉब कार्डवर ‘ग्राहकास मान्य’ छापलेलं असेल तर सही करताना शेजारी ‘कारण मान्य नाही’ असं हाताने लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणजे टचस्क्रीनवाल्या दुकानाविरुद्ध तक्रार विनाशुल्क होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून काढलेलं मोड्यूल आणि कापलेल्या वायरचा तो टेप लावलेला तुकडा वर्कशॉपात टाकून येऊ नका. पाकिटात घाला, त्यावर तारीख आणि जॉब कार्ड नंबर लिहा, आणि पाकीट बिलाला पिन करून ठेवा.