व्हेरोनातील दोन मृत्यू: दोष वैराचा की पाद्र्याचा?

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकातील प्रेमी युगुलाच्या मृत्यूंचे खापर सहसा माँटेग्यू आणि कॅप्युलेट घराण्यांच्या वैरावर फोडले जाते, आणि त्याच वैरापायी ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट रोमिओच्या हातून मारला जाऊन रोमिओला हद्दपारी भोगावी लागते, हे खरेच आहे. पाद्री फ्रायर लॉरेन्सचा दोष मात्र वेगळ्या जातीचा आहे. घराण्यांत सलोखा होईल या आशेने तो रोमिओ-ज्युलिएटचा गुप्त विवाह लावतो, इथवर त्याला क्षमा करता येते. पण ज्युलिएटचे दुसरे लग्न ठरल्यावर सत्य उघड करण्याऐवजी तो तिला ४२ तास मृतवत ठेवणारे औषध देतो आणि सारा बेत रोमिओला धाडलेल्या एका पत्रावर सोपवतो. प्लेगच्या संशयामुळे ते पत्र रोमिओच्या हद्दपारीच्या गावी, मँटुआला, पोहोचतच नाही, आणि त्याबद्दल त्याला कोण बोल लावणार? परंतु पहारेकऱ्यांची चाहूल लागताच, नुकत्याच जाग्या झालेल्या ज्युलिएटला थडग्यात एकटी सोडून तो निघून जातो, तेव्हा त्याला कोणतेही वैर भाग पाडत नाही. तरीही व्हेरोनाचा शासक प्रिन्स एस्कलस त्याला पुण्यशील म्हणून सोडतो आणि वैराकडे काणाडोळा केल्याबद्दल स्वतःला दोष देतो. यांपैकी पहिला निवाडा मला फार सैल वाटतो.